गोव्यातल्या लग्नाच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा-सामान: काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने आणि का

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरण्याआधी एक कागद घ्या आणि येत्या मोसमात मिळू शकणारी लग्नं कुठे होणार आहेत ते लिहा. फोंडा तालुक्यातल्या मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे अशा देवस्थानांची सभागृहं. साष्टी-बार्देशमधली चर्च आणि त्यानंतरची हिरवळीवरची रिसेप्शन. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतली मावळतीची लग्नं. घरच्या अंगणातली हळद किंवा रोस (ख्रिस्ती लग्नाआधी नारळाचा रस लावण्याचा विधी). या चार ठिकाणांचा उजेड, अंतर, आवाज आणि हवा एकमेकांशी जुळत नाहीत. यांपैकी कोणत्या जागी तुमचं निम्म्याहून जास्त काम होणार, यावर सामान ठरतं. बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, मॉडेल आधी ठरवून मग तिला लेन्स शोधत बसणारे बहुतेकदा चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवतात. आधी लेन्स आणि आवाज, मग बॉडी, हा क्रम धरा.

अंतर मोजा, लेन्स आपोआप ठरेल

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चकती. फुल-फ्रेम, म्हणजे मोठा, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. नवरा-नवरीपासून तुमचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. उत्तर म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी, मीटरमध्ये. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर ३६ ऐवजी २४ धरा.

सभागृहातल्या मांडवासमोर तुम्हाला जेमतेम तीन मीटर जागा मिळते. पुढे भटजी, मामा, करवल्या आणि खुर्च्या असतात. तीन मीटरवरून २४ मिलिमीटरने साडेचार मीटर रुंदी येते, म्हणजे खांबांसकट अख्खा मांडव. ३५ ने तीन मीटरच येते आणि खांब कापले जातात. म्हणून मांडवासाठी २४-७० एफ २.८ ही पहिली लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). एपीएस-सी वापरणाऱ्यांनी १६-१७ पासून सुरू होणारी झूम घ्यावी. सिग्माची १८-५० एफ २.८ हलकी आणि चांगली आहे, पण तिची १८ ची बाजू अरुंद सभागृहात थोडी कमी पडते.

चर्चमध्ये हिशोब उलटा. मिस्साच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) वेळी वेदीजवळ फिरायला बहुतेक पाद्री परवानगी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग तुमची जागा मधल्या वाटेच्या कडेला किंवा मागे दरवाजावरच्या कॉयरच्या (गायकवृंदाच्या) माडीवर. माडीवरून वेदी २५ मीटरवर असली तर २०० मिलिमीटरनेसुद्धा साडेचार मीटरच रुंदी मिळते. जोडपं पूर्ण दिसेल, अंगठी घालणारी बोटं दिसणार नाहीत. इथे ७०-२०० एफ २.८ लागते आणि तिच्या जोडीला सेन्सरचा मधला भाग वापरणारा सुपर-३५ मोड. तो मोड लावला की रुंदी तीन मीटरवर येते. मात्र त्या मोडमध्येही पूर्ण फोर-के हवं असेल तर सेन्सरवर पुरेसे पिक्सेल लागतात. ३३ मेगापिक्सेलच्या सोनी ए-७ फोरवर ते जमतं, १२ मेगापिक्सेलच्या ए-७ एस थ्रीवर जमत नाही. अंधारासाठी एस थ्री उत्तम, पण चर्चच्या माडीवर ती चुकीची निवड ठरते.

तिसरी लेन्स उजेडाची: ३५ किंवा ८५ मिलिमीटर, एफ १.८. रोसच्या दिवशी घरात दोन मीटरवरून ३५ उपयोगी, रात्री टोस्ट आणि पहिल्या नाचाला ८५. एफ २.८ च्या तुलनेत एफ १.८ साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड घेते, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ऐवजी २५०० च्या आसपास काम भागतं. एफ १.४ च्या मोहात पडू नका. चालत्या माणसावर ८५ एफ १.४ ने फोकस टिकवणं कठीण, आणि वजनही दुपटीच्या आसपास जातं.

बॉडी: पाच गोष्टी तपासा, बाकी जाहिरात

पहिली गोष्ट, दोन कार्ड आणि दोन्हींवर एकाच वेळी नोंद. एकच कार्ड असलेली बॉडी मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नका, ती कितीही स्वस्त असो. सोनीची झेडव्ही-ई टेन आणि कॅननची आर-८ एका कार्डाच्या आहेत. तिसरा, स्थिर कॅमेरा म्हणून चालतील.

दुसरी, नोंदीची मर्यादा. पूर्वी बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. मिस्सा तासाच्या आसपास चालतो, हिंदू विधी त्याहून कितीतरी जास्त. जुना कॅमेरा विकत घेत असाल तर ही मर्यादा आधी विचारा.

तिसरी, उष्णता. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या मांडवात सावलीतही कॅमेरा तापतो. पॅनासॉनिक एस-५ टू आणि सोनी एफएक्स-३० मध्ये आत पंखा आहे, त्यामुळे सलग नोंदीला त्या भरवशाच्या. पंखा नसलेल्या बॉडीत मेनूमधली तापमानाची सोय ‘हाय’वर ठेवा, स्क्रीन बॉडीपासून उघडून बाहेर काढा आणि कॅमेऱ्यावर पांढरं फडकं टाका.

चौथी, १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणारी नोंद. मांडवात एका बाजूला पिवळे हॅलोजन, दुसऱ्या बाजूला निळसर एलईडी, मागे लाल पडदा. ८-बिट फाइलमध्ये हा रंग दुरुस्त करायला गेलात की नवरीच्या चेहऱ्यावर पट्टे दिसू लागतात.

पाचवी, सेकंदाला ५० फ्रेम काढताना होणारी काटछाट. ए-७ फोर आणि एस-५ टू फोर-के ५० ला सेन्सरचा मधला भागच वापरतात, त्यामुळे २४ ची लेन्स ३६ सारखी होते आणि मांडव कापला जातो. कॅनन आर-६ मार्क टू पूर्ण रुंदीने ५० फ्रेम देतो. संथ गतीचे शॉट मांडवाजवळूनच घ्यायचे असतील तर हा फरक महत्त्वाचा.

एफएक्स-३० घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्याला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. कळंगुटच्या वाळूवर दुपारी चार वाजता मागची स्क्रीन दिसत नाही. किनाऱ्याचं काम जास्त असेल तर व्ह्यूफाइंडरवाली बॉडी घ्या, नाहीतर सावलीचं हूड वेगळं आणा.

बॉडी किती? तीन. अंतरपाटाचा हिशोब मांडून बघा: एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर, एक नवऱ्याच्या चेहऱ्यावर, तिसरा उंचावरून दोघांवर. शेवटच्या मंगलाष्टकेनंतर अंतरपाट सरकतो त्या दोन सेकंदांत दोन्ही चेहरे हवे असतात. शिवाय त्याच क्षणी सगळे पाहुणे उभे राहून फोन वर धरतात, म्हणून तिसरा कॅमेरा किमान सात फूट उंचीवर बांधा. शक्यतो तिन्ही बॉडी एकाच कंपनीच्या घ्या. त्वचेचा रंग जुळवण्यात जाणारे तास वाचतात.

५० हर्ट्झ विसरलात तर चित्रीकरण वाया

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा पॅल पद्धतीवर ठेवा: २५ फ्रेमला शटर १/५०, ५० फ्रेमला १/१००. ३०, ६० किंवा १२० फ्रेम लावली की शटर १/६० किंवा १/१२० वर जातं आणि भिंतीवर काळे पट्टे सरकू लागतात. ते नंतर पूर्णपणे काढता येत नाहीत. १०० फ्रेमला १/२०० लावल्यावरही पट्टे येऊ शकतात, म्हणून तो संथ वेग उन्हातच वापरा. रिसेप्शनच्या एलईडी भिंतीची लुकलुक वेगळ्याच वेगाची असते. त्यासाठी शटरचा आकडा १/५०.१, १/५०.३ असा बारीक सरकवता येण्याची सोय बॉडीत आहे का ते घेण्यापूर्वी पाहा.

किनाऱ्यावर नेमकी उलटी अडचण. भर उन्हात आयएसओ १०० ला १/१०० आणि एफ १६ बसतं. तुम्हाला हवंय १/५० आणि एफ २.८, म्हणजे सहा स्टॉप उजेड जास्त. लॉग प्रोफाइलमध्ये (रंग नंतर दुरुस्त करण्यासाठी फिकट ठेवलेली नोंद) किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन, एकूण नऊ. बाजारातली दोन ते पाच स्टॉपची व्हेरिएबल एनडी (उजेड अडवणारा, फिरवून गडद होणारा फिल्टर) इथे एकटी पुरत नाही. सहा स्टॉपची ठराविक एनडी लावून एफ ८ वर जा, किंवा उन्हात लॉग बंद करून साध्या प्रोफाइलवर आयएसओ १०० ने काढा. व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकापर्यंत फिरवली तर रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. फिल्टर ८२ मिलिमीटरचा एकच चांगला घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावा.

समुद्र पश्चिमेला, त्यामुळे किनाऱ्यावरच्या मांडवात जोडप्याच्या मागे सूर्य येतो. डिसेंबरात सूर्यास्त सहा-सव्वासहाला, मेअखेर सातच्या सुमारास. या उन्हाशी छोट्या एलईडीचं काही चालत नाही. चार फुटी पांढरा रिफ्लेक्टर आणि तो धरणारा माणूस, एवढं पुरतं. सूर्य बुडाल्यावरच्या वीस मिनिटांत मात्र ६० वॉटचा, बॅटरीवर चालणारा, ९५ हून जास्त सीआरआयचा (रंग खरे दाखवण्याचं माप) एक दिवा कामाला येतो.

आवाज: इथे हात आखडू नका

थोडं हललेलं चित्र घरचे लोक चालवून घेतात. ‘आय डू’ ऐकू आलं नाही, किंवा मंगलाष्टकांवर जनरेटरची घरघर असली, तर ते कायमचं गेलं. प्रत्येक महत्त्वाचा आवाज दोन वेगळ्या यंत्रांवर नोंदवायचा, हा नियम.

नवऱ्याच्या अंगावर एक कॉलर माइक, स्वतःच्या आत नोंद करणारा. डीजेआय माइक टू आणि रोडचा वायरलेस प्रो ३२-बिट फ्लोटमध्ये आतच नोंदवतात. हे वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. सभागृहात पाचशे पाहुण्यांचे फोन वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू ठेवून बसले की सिग्नल तुटतो, पण आतली नोंद शाबूत राहते. आतली नोंद न करणारा संच घेऊच नका. ३२-बिट फ्लोटमुळे आवाजाची पातळी चुकली तरी सावरता येते. पण वाजंत्री माइकच्या कानाशी आली आणि माइकचं कॅप्सूलच फाटक्या आवाजात वाजलं, तर त्याला इलाज नाही. माइक वाजंत्र्यांपासून लांब ठेवा.

सोवळं नेसलेल्या नवऱ्याला सदरा नसतो. माइक उपरण्याच्या आतल्या घडीत, छातीच्या मध्याशी लावा आणि ट्रान्समीटर सोवळ्याच्या कमरेला मागे. जानवं माइकवर घासतं, म्हणून ते दुसऱ्या बाजूला आहे का बघा. दुसरा माइक भटजींच्या उपरण्याला. मंगलाष्टका म्हणताना माइक हातोहात फिरतो आणि म्हणणारे अनेक असतात, तेव्हा मुख्य आवाज मिक्सरमधूनच घ्यावा लागतो.

मिक्सर म्हणजे साऊंडवाल्याशी मैत्री. तासभर आधी पोहोचा. ‘रेकॉर्ड आउट’ किंवा रिकामा ‘ऑक्स’, म्हणजे मिक्सरमधून आवाज बाहेर काढायची जोडणी, मागा. मिक्सरचा लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस, आवाज कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घातला की तो फाटतो. मध्ये आवाजाची पातळी कमी करणारा पॅड लावा किंवा लाइन इनपुट असलेला रेकॉर्डर वापरा. घूं असा ५० हर्ट्झचा आवाज आला तर तो दोन अर्थिंगमधल्या फरकाचा असतो. त्यावर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा छोटा डबा उपाय आहे. रेकॉर्डर बॅटरीवर चालवला तर बरेचदा घूं आपोआप जातो. पिशवीत पाच मीटरच्या दोन एक्सएलआर केबल, पाव इंची पिनेची एक, आरसीए ते साडेतीन मिलिमीटर एक. प्रत्येक मिक्सरची भोकं वेगळी.

मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचं येतं. सनई, अक्षता पडतानाचा गलका, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायलेलं गीत हे त्यात नसतं. म्हणून एक स्टिरिओ रेकॉर्डर वेगळा, स्पीकरपासून लांब. चर्चच्या उंच छताखाली आवाज घुमतो. कॅमेऱ्यावरच्या माइकने वीस मीटरवरून घेतलेले शब्द कळतच नाहीत, पण तो बंद करू नका. एडिटिंगच्या वेळी सगळ्या फाइली जुळवायला प्रत्येक कॅमेऱ्यावर थोडातरी आवाज लागतो. किनाऱ्यावर फोमचं टोपण वाऱ्याला पुरत नाही, केसाळ टोपणच हवं.

उभं करायला काय

माडीवरच्या ७०-२०० ला सहा किलो पेलणारा फ्लुइड हेडचा ट्रायपॉड. फोटोचा बॉल-हेड लावलात तर वेदीकडे जाणाऱ्या नवरीमागे कॅमेरा फिरवताना धक्के दिसतात. कॉयरची माडी लाकडी असेल तर गाणाऱ्यांच्या पायांनी ती हलते. ट्रायपॉड भिंतीलगत, तुळईच्या वर ठेवा. मांडवाच्या गर्दीत ट्रायपॉड उघडत नाही, तिथे खाली तीन छोटे पाय असलेला मोनोपॉड. गिंबल (हलता कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) तिसऱ्या क्रमांकावर. डीजेआय आरएस-३ तीन किलो पेलतो, मिनी दोन. आकडा बघताना बॉडी, लेन्स, फिल्टर आणि माइकचा रिसीव्हर सगळं मोजा.

कार्ड आणि बॅटरी

१४० मेगाबिटने नोंद केली तर सेकंदाला १७.५ मेगाबाइट, तासाला ६३ जीबी. १२८ जीबीचं कार्ड दोन तास पुरतं. या वेगाला व्ही-३० कार्ड (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं) पुरेसं आहे. व्ही-९० ची गरज ऑल-इंट्रा ६०० मेगाबिटसारख्या नोंदीलाच लागते, लग्नाला नाही. वाचलेल्या पैशांत कार्डांची संख्या वाढवा. स्थिर कॅमेरा चार तास आणि बाकी दोन प्रत्येकी तीन तास चालले तर दहा तासांचे ६३० जीबी होतात. घरी जाण्यापूर्वी दोन वेगळ्या एक टीबी एसएसडीवर नकला आणि त्या दोघांच्या पिशवीत वेगवेगळ्या. कार्डं त्या रात्री पुसू नका.

सोनीची एनपी-एफझेड १०० बॅटरी फोर-के नोंदीला साधारण दीड तास धरा. हलत्या कॅमेऱ्याला चार. स्थिर कॅमेऱ्याला पीडी पद्धतीची (यूएसबीवरून जास्त शक्ती देणारी) पॉवर बँक. कंपनीबाहेरच्या स्वस्त बॅटऱ्या उन्हात फुगतात आणि भोकात अडकतात.

दमट हवा, मीठ आणि नारळाचा रस

एसी खोलीतून बाहेर आल्याबरोबर लेन्सवर बाष्प धरतं. पुसलं तर पुन्हा येतं, कारण काच थंडच असते. हॉटेलात नवरीची तयारी चित्रित करून थेट हिरवळीवर जायचं असेल तर एक बॉडी आणि लेन्स आधीपासून एसीबाहेर, बंद पिशवीत ठेवा. नाहीतर निघण्याआधी अर्धा तास झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घालून बाहेर काढा. बाष्प पिशवीवर धरतं, काचेवर नाही.

रोसच्या वेळी नारळाचा रस उडतो. तो तेलकट, वाळल्यावर चिकट होतो आणि लेन्सच्या रिंगमध्ये गेला की रिंग अडकते. साधा यूव्ही फिल्टर लावा, बॉडीवर पावसाचं आवरण घाला, दोन मीटरवर राहा. हळदीलाही हेच. वाळूवर लेन्स बदलू नका. तिथे एका बॉडीला एकच झूम. काम संपल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने मीठ पुसा. वाळू असतानाच पुसलंत तर ओरखडे उठतात. ट्रायपॉडचे पाय नळाखाली धुवा आणि उघडे वाळवा.

जून ते सप्टेंबर सामान कपाटात पडून राहिलं तर काचेवर बुरशी चढते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट ही गोव्यात चैन नव्हे, पहिल्याच वर्षाची खरेदी आहे. परवडत नसेल तर रबराच्या झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. फार कोरडंही नको, ३० च्या खाली रबर आणि वंगण बिघडतं.

लाजाहोमाच्या धुरात ऑटोफोकस धुरावर अडकतो. त्या वेळी फोकस सरकण्याची संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवा, नाहीतर हाताने फोकस धरा. पंखावाला कॅमेरा होमापासून दीड मीटर दूर.

ड्रोन शेवटी

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय नकाशावर आधी ठिकाण बघा. गोव्यात नौदलाच्या हंसा तळावरचा दाबोळी आणि पेडण्यातला मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यामुळे राज्याचा बराच भाग निर्बंधांखाली येतो. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येतं. २५० ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर वैमानिकाचं प्रमाणपत्र लागतं. वर्षातून थोड्याच लग्नांना ड्रोन लागतो, तेव्हा प्रमाणपत्रधारकाला बोलावणं शहाणपणाचं.

पैसे कसे वाटायचे

पहिल्या खरेदीचे शंभर भाग केले तर तीन बॉडींना चाळीस, लेन्सना तीस, आवाजाला पंधरा, उरलेले ट्रायपॉड, कार्ड, बॅटरी, फिल्टर आणि ड्राय कॅबिनेटला. इतके पैसे नसतील तर आवाजातून कापू नका. एक बॉडी आणि ७०-२०० भाड्याने घ्या, चर्चचं लग्न असेल तेव्हाच.

सगळं हाती आल्यावर, पहिल्या लग्नाच्या किमान आठवडाभर आधी, दुपारी दोन वाजता सामान खऱ्या सभागृहात नेऊन तिन्ही कॅमेरे दोन तास सलग चालवा. कोणता कॅमेरा तापून थांबतो, कोणती बॅटरी अर्ध्यात मरते, दोन तासांनी रेकॉर्डरचा आवाज चित्रापासून किती फ्रेम सरकतो, हे लिहून घ्या. आवाज सरकत असेल तर एडिटिंगमध्ये दर अर्ध्या तासाला आवाज कापून पुन्हा जुळवा. थांबणाऱ्या कॅमेऱ्याला स्थिर जागेवर ठेवू नका, तो हातात घेऊन छोटे शॉट काढायला द्या. देवळाच्या गर्भगृहात आणि चर्चच्या वेदीजवळ कुठपर्यंत जायला परवानगी आहे, हे त्याच फेरीत समितीला आणि पाद्रींना विचारून घ्या, आणि जिथपर्यंत परवानगी मिळेल त्या जागेवरून अंतर पुन्हा मोजा.